पानं पिवळी, कळ्या गळतात, पण कीड कुठेच नाही: कुंडीतल्या झाडाची तपासणी क्रमाने कशी करायची

कढीपत्त्याचा शेंडा पिवळा पडला की बहुतेक जण आधी निंबोळी तेलाची बाटली शोधतात. दोन फवारण्या होतात, फरक पडत नाही. मग कोणीतरी सांगितलं म्हणून बुरशीनाशक, मग मूठभर खत, मग एप्सम सॉल्ट, मग चहाचा चोथा. महिनाभरात झाडाने पाच उपाय सोसलेले असतात आणि खरं कारण जिथल्या तिथे असतं. कुंडीचं भोक बुजलेलं असतं, बोअरच्या पाण्याचे क्षार मातीत साचलेले असतात किंवा दुपारभर तापलेली भिंत झाडाला भाजत असते.

गच्ची-बाल्कनीतल्या बागेत किडीने बिघडलेल्या झाडांपेक्षा परिस्थितीने बिघडलेली झाडंच मी जास्त पाहिली आहेत. त्यांच्यावर मारायचं औषध नसतं, परिस्थिती बदलावी लागते. ती कुठली हे ओळखायला साधारण अर्धा तास लागतो, मात्र तपासणी क्रमाने करायला हवी. पाणी न तपासता खताकडे गेलात तर बहुतेक वेळा निदान चुकतं.

## तयारी: आधी हात आवरा

झाड बिघडलेलं दिसलं त्या दिवसापासून आठ दिवस खत, फवारणी, छाटणी आणि जागाबदल हे सगळं बंद ठेवा. पाणी तेवढं गरजेपुरतं. आजारी मुळांना खत घालणं हा या कामातला सर्वांत महागात पडणारा उत्साह आहे.

जवळ एक भिंग, पांढरा कागद, खुरपी, फूटभर लांबीची बांबूची बारीक काडी आणि शक्य असेल तर टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं छोटं यंत्र) ठेवा. एक वहीही लागेल. तिच्यात शेवटचं खत कधी आणि किती घातलं, कुंडी कधी बदलली, झाड कुठून कुठे हलवलं, त्या आठवड्यात ऊन की पाऊस, हे आठवेल तेवढं लिहून काढा. निम्म्या वेळा कारण या चार ओळींतच सापडतं.

इशारा: भर उन्हात, माती कोरडी असताना निंबोळी तेल फवारू नका. तेलाने पानं भाजतात आणि मग मूळ दुखणं कोणतं, फवारणीचं दुखणं कोणतं, हे कळेनासं होतं.

## टप्पा 1: कीड नाही याची खात्री करा

पान उलटं करा आणि मधल्या शिरेच्या कडेने भिंगातून बघा. मावा, पिठ्या ढेकूण आणि पांढरी माशी यांची वस्ती तिथेच असते. पान हाताला चिकट लागतंय का, फांदीवर मुंग्यांची ये-जा आहे का, तेही बघा. मग पांढरा कागद पानांखाली धरून फांदी झटका. कागदावर पडलेले ठिपके चालायला लागले तर लाल कोळी किंवा फुलकिडे आहेत. जास्वंदीची कळी गळत असेल तर गळलेली कळी फाडून आतही बघा, कारण आत अळी असेल तर पुढचं सगळं वाचायची गरज नाही.

काहीच सापडलं नाही तर आता बिघाडाची ठेवण बघा. परिस्थितीमुळे आलेला बिघाड बहुधा समान असतो. मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना सारखा, सगळ्या पानांच्या टोकांना सारखा, किंवा झाडाच्या उन्हाकडच्या बाजूलाच. तो एकाएकी दिसतो आणि शेजारच्या झाडावर पसरत नाही. जास्वंद, मिरची आणि मोगरा अशा वेगवेगळ्या जातींच्या झाडांवर एकाच आठवड्यात तीच खूण दिसली तर संशय पाण्यावर, खतावर किंवा उन्हावर घ्या. रोग सहसा एकाच कुळातल्या झाडांना धरतो.

याला अपवाद मिरची-टोमॅटोवरच्या चुरडा-मुरड्याचा. तिथे शेंड्याची पानं वेडीवाकडी आकसतात, फिकट-गडद चट्टे उमटतात आणि झाड खुजं राहतं. हा विषाणू आहे, पाणी-खत बदलून तो जात नाही. असं झाड उपटून टाका.

## टप्पा 2: नवीन पान बिघडलं की जुनं?

या एका प्रश्नाच्या उत्तराने निम्मी कारणं बाजूला पडतात, म्हणून पुढे जाण्याआधी ते वहीत लिहा.

नत्र (नायट्रोजन), पालाश (पोटॅशियम) आणि मॅग्नेशियम झाडाच्या आत फिरू शकतात. तुटवडा पडला की झाड ते जुन्या पानांतून काढून शेंड्याकडे पाठवतं. त्यामुळे त्यांची कमतरता आधी खालच्या पानांवर दिसते. लोह आणि कॅल्शियम असं हलवता येत नाही, म्हणून त्यांची कमतरता कोवळ्या पानांवर, शेंड्यावर आणि फळांवर दिसते.

खालचं पान शिरांसकट सारखं फिकट पिवळं झालं तर नत्र कमी आहे. खालच्याच पानाच्या शिरा हिरव्या राहून मधली जागा पिवळी पडली तर मॅग्नेशियम. खालच्या पानाची कड करपली तर पालाश कमी किंवा क्षार जास्त. शेंड्याचं कोवळं पान पिवळं, जवळजवळ पांढरट, आणि त्यावर हिरव्या शिरांचं बारीक जाळं दिसलं तर लोह. वरची-खालची सगळीच पानं एकदम फिकट, मरगळलेली दिसत असतील तर खताचा विचार सोडा आणि मुळांकडे जा.

तपासा: सगळ्यांत खालची एक-दोन पानं अधूनमधून पिवळी होऊन गळणं हा बिघाड नाही. पानाचं आयुष्य संपलेलं असतं. शेंडा ताजा आणि हिरवा असेल तर झाडाला त्रास देऊ नका.

## टप्पा 3: पाणी, पण बोट मातीत घालून

माती वरून बघून पाणी घालायची सवय सर्वांत जास्त झाडं मारते. उन्हाने वरचा थर दोन तासांत सुकतो, खाली मात्र चिखल असतो. उलटंही होतं. वर ओलसर दिसतं आणि पाणी दोन बोटांपलीकडे पोचलेलंच नसतं.

बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घाला. मोठ्या कुंडीत बांबूची काडी तळापर्यंत खुपसून पाच मिनिटांनी काढा. काडीला कुठवर ओल आली आणि माती चिकटली, त्यावरून आतलं सगळं कळतं. शेतकरी ज्याला वाफसा म्हणतो, म्हणजे माती मुठीत दाबल्यावर गोळा व्हावी आणि बोटाने ढकलल्यावर फुटावी, तीच ओल कुंडीत हवी. मुळांना पाण्याबरोबर हवाही लागते, आणि वाफशाला दोन्ही असतात.

आता सुकण्याची वेळ बघा. दुपारी दोनला दोडका किंवा भोपळ्याची पानं लोंबली आणि संध्याकाळी पुन्हा ताठ झाली तर काळजी नको. मोठ्या पानांतून जितकं पाणी उडतं तितकं मुळं दुपारी पुरवू शकत नाहीत. पण सकाळी सातलाही पानं लोंबलेलीच असतील तर बोट घाला. माती कोरडी लागली तर पाणी द्या, प्रश्न मिटला. माती ओली आणि तरी झाड सुकलेलं असेल तर मुळं कुजत आहेत. नेमक्या याच वेळी लोक आणखी पाणी घालतात, कारण सुकलेलं झाड तहानलेलंच दिसतं.

यानंतर निचरा बघा. भरपूर पाणी ओता. वर साचलेलं पाणी चार-पाच मिनिटांत जिरलं पाहिजे आणि भोकातून बाहेर आलं पाहिजे. जिरत नसेल तर भोक बुजलंय किंवा माती दगड झालीय. ओतल्याबरोबर लगेच खालून वाहिलं आणि कुंडी उचलून बघितली तर हलकीच लागली, तर त्याचा अर्थ निचरा उत्तम असा घेऊ नका. पूर्ण वाळलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आकसून कुंडीच्या भिंतीपासून सुटतं आणि पाणी त्या फटीतून निसटतं. अशी कुंडी पाण्याच्या टबात अर्धा तास बुडवून ठेवा, बुडबुडे थांबले की काढा.

इशारा: कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नका. ताटली हवीच असेल तर विटेचे दोन तुकडे ठेवून कुंडी उचलून धरा.

## टप्पा 4: झाड काढून मुळं बघा

बरेच जण इथे थांबतात, कारण झाड उपटायची भीती वाटते. पण मुळं बघितल्याशिवाय पुढचं सगळं अंदाजावरच चालतं. संध्याकाळची वेळ धरा. माती थोडी कोरडी असताना कुंडी आडवी करा, बाहेरून थोपटा आणि खोड बोटांत धरून गोळा अलगद बाहेर घ्या.

निरोगी मूळ पांढरं किंवा फिकट बदामी असतं आणि ओढलं तर ताण धरतं. कुजलेलं मूळ तपकिरी-काळं असतं, चिमटीत धरून ओढलं की साल हातात येते आणि आत दोऱ्यासारखा धागा उरतो. वासही घ्या. चांगल्या मातीला पहिल्या पावसाचा वास येतो. कुजलेल्या मातीला गटाराचा येतो. मुळांवर मण्यांसारख्या गाठी असतील तर ते सूत्रकृमी आहेत, तो वेगळा विषय. (चवळी-वाल यांच्या मुळांवरच्या गाठी नत्र बांधणाऱ्या जिवाणूंच्या असतात, त्या सहज खुडल्या जातात. त्यांना घाबरू नका.)

इथे एक प्रसंग सांगते, कारण हीच चूक मला वारंवार दिसते. जून महिन्यात नर्सरीतून आणलेला कढीपत्ता मी चांगल्या भुसभुशीत मातीत लावला. बोटाला ओल लागायची, निचरा चांगला होता, तरी तो सप्टेंबरपर्यंत तसाच खुरटलेला आणि खालून गळत राहिला. बाहेर काढला तेव्हा माझी भरलेली माती ओली होती आणि मधोमध नर्सरीच्या लाल मातीचा गोळा जसाच्या तसा, विटेसारखा. खुरपीने कापला तर आत कोरडी भुकटी. तीन महिने पाणी त्या गोळ्याला वळसा घालून जात होतं आणि सगळी मुळं आतच अडकली होती. बादलीत रात्रभर भिजवून बाहेरची निम्मी माती बोटांनी सोडवली, मुळं मोकळी केली आणि पुन्हा लावला. तीन आठवड्यांत नवीन फूट आली.

तेव्हा नर्सरीचं झाड लावताना पिशवी काढून गोळा आधी पाण्यात भिजवा आणि बाहेरचा थर सोडवून मगच लावा. कलमी गुलाब किंवा नाजूक रोपाचा गोळा पूर्ण फोडू नका, कडा तेवढ्या मोकळ्या करा. मुळं कुंडीच्या आकारात गोल गोल फिरलेली असतील तर तीन-चार ठिकाणी उभ्या उथळ चिरा द्या.

कुजलेली मुळं दिसली तर हा क्रम:

1. काळी, मऊ मुळं स्वच्छ कात्रीने कापा. पांढऱ्या भागापर्यंत या.
2. जेवढी मुळं गेली साधारण तेवढ्या प्रमाणात वरचा पालाही कमी करा. उरलेल्या मुळांवर भार नको.
3. मोठी कुंडी घेऊ नका. त्याच मापाची किंवा एक माप लहान घ्या. मोठ्या कुंडीतली जास्तीची माती आठवडाभर ओली राहते आणि कूज परत येते.
4. नवीन मिश्रण भरा. मी साधारण चार भाग माती, तीन भाग कुजलेलं खत आणि तीन भाग कोकोपीट किंवा भाताचं तूस धरते. काळी माती कुंडीत एक चतुर्थांशापेक्षा जास्त नको. ती ओली झाली की फुगून हवा बंद करते आणि वाळली की भेगाळून मुळं तोडते.
5. एकदा भरपूर पाणी देऊन झाड आठ-दहा दिवस सावलीत ठेवा. नवी फूट दिसेपर्यंत खत नाही.

नेहमीची चूक: तळाशी खडीचा जाड थर. याने निचरा सुधारत नाही. बारीक मातीतलं पाणी खडीच्या मोठ्या पोकळ्यांत सहज उतरत नाही, ते सीमेवरच अडून राहतं. म्हणजे चिखलाचा थर वर सरकतो आणि मुळांना मिळणारी जागा कमी होते. भोकावर खापराचा एक तुकडा किंवा जाळी पुरे.

## टप्पा 5: पाणी कसलं आहे?

मुळं ठीक, निचरा ठीक, तरी पानांची टोकं तपकिरी होत असतील तर मातीच्या वर आणि मातीच्या कुंडीच्या बाहेर पांढरट थर शोधा. हे क्षार आहेत. बोअरच्या पाण्यातून, टँकरच्या पाण्यातून आणि रासायनिक खतातून ते येतात. पाणी उडून जातं आणि ते मागे राहतात.

अलीकडे घरोघरी एक चूक पाहते. पाणी वाया जाऊ नये म्हणून आरओ यंत्राचं टाकाऊ पाणी झाडांना घातलं जातं. भावना चांगली आहे, पण यंत्राने पिण्याच्या पाण्यातून काढलेले क्षार त्याच पाण्यात असतात. नळाचं पाणी मुळातच गोड असेल तर फारसं बिघडत नाही. बोअर असेल तर ते पाणी फरशी पुसायला वापरा. टीडीएस मीटरवर 500 च्या आतला आकडा बहुतेक झाडं चालवून घेतात. 1000 च्या पुढे गेला की नाजूक झाडांची टोकं करपू लागतात. पाणी मऊ करणाऱ्या यंत्राचं पाणी तर मुळीच नको, त्यात कॅल्शियमच्या जागी सोडियम आलेलं असतं. एसीतून ठिबकणाऱ्या पाण्यात क्षार जवळपास नसतात, ते बोअरच्या पाण्यात मिसळून वापरता येतं. पावसाचं पाणी सर्वांत उत्तम.

साचलेले क्षार धुवायचे ते असे. मातीवरचा पांढरा थर बोटभर खरवडून टाका. मग कुंडीच्या मापाच्या दुप्पट-तिप्पट गोडं पाणी, म्हणजे 10 लिटरच्या कुंडीला 20 ते 30 लिटर, तीन-चार खेपांत हळूहळू ओता आणि खालून वाहून जाऊ द्या. हे उन्हाळ्याच्या शेवटी एकदा करावं, नंतर पावसाळा उरलेलं काम करतो. नवं कोकोपीटही वापरण्याआधी दोन-तीनदा धुवा, त्यात मीठ असू शकतं.

लोहाचा प्रश्न. शेंड्याची पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर मातीत लोह नाही असं समजू नका. देशावरची काळी, चुनखडीची माती आणि बोअरचं जड पाणी दोन्ही विम्लधर्मी, म्हणजे आम्लाच्या उलट, अल्कली गुणाचं. अशा मातीत लोह असतं, पण विरघळत नाही, त्यामुळे मुळांना उचलता येत नाही. मोगरा, लिंबू, जास्वंद, गुलाब आणि कढीपत्ता यांच्यावर हे लवकर दिसतं. गंजलेले खिळे कुंडीत पुरण्याचा उपाय इथे निरुपयोगी आहे, कारण खिळ्यांचं लोहही तसंच अडकून पडतं.

तात्पुरता उपाय म्हणून एक लिटर पाण्यात 3 ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि 1 ग्रॅम लिंबूफूल (सायट्रिक आम्ल) विरघळवून संध्याकाळी कोवळ्या पानांवर फवारा. आधी एका फांदीवर करून दोन दिवस थांबा. फरशीवर सांडू देऊ नका, गंजाचे डाग जात नाहीत. टिकाऊ उपाय हवा असेल तर चिलेटेड लोह (मातीत अडकू नये म्हणून दुसऱ्या रसायनात बांधलेलं लोह) मातीतून द्या, पण पाकीट नीट वाचा. ईडीटीए प्रकारचं लोह विम्ल मातीत तग धरत नाही, ईडीडीएचए प्रकारचं धरतं. आणि ज्या पाण्यामुळे हे झालं ते बदलता येतंय का ते बघा, नाहीतर दर दोन महिन्यांनी इथेच याल.

कोकणात आणि गोव्यात चित्र उलटं. जांभा माती आम्लधर्मी, लोहाला तोटा नाही. तिथे मुसळधार पावसात नत्र धुऊन जातं आणि श्रावणात खालची पानं पिवळी पडतात. पाऊस ओसरला की थोडं थोडं गांडूळखत दोन-तीन खेपांत द्या.

## टप्पा 6: ऊन, भिंत आणि वारा

उन्हाने भाजलेलं पान ओळखायला सोपं असतं. डाग फक्त उन्हाकडच्या बाजूला, पांढरट आणि कागदासारखा कोरडा. चार महिने ढगांखाली वाढलेलं झाड ऑक्टोबरच्या उन्हात एकदम उघडं पडतं तेव्हा हे हमखास होतं. नर्सरीच्या हिरव्या जाळीखालून आणलेलं झाड थेट गच्चीवर ठेवलं तरीही. सुरुवातीला सकाळचं दोन तास ऊन, मग दर दोन दिवसांनी तासभर वाढवत आठ-दहा दिवसांत पूर्ण उन्हात न्या. भाजलेलं पान परत हिरवं होत नाही, नवीन पान बघायचं.

पश्चिमेच्या बाल्कनीत उन्हापेक्षा भिंत जास्त त्रास देते. ती रात्री नऊपर्यंत तापलेली असते. काळ्या प्लास्टिकच्या कुंड्यांची उन्हाकडची बाजू दुपारी हाताला चटका देते, आतली मुळंही तशीच भाजतात. एप्रिल-मेमध्ये कुंडी भिंतीपासून वीतभर पुढे ओढा, बाहेरून गोणपाट गुंडाळा, मातीवर दोन इंच पाचोळा पसरा (खोडाला चिकटवू नका) आणि गरज पडली तर 50 टक्के सावली देणारी जाळी लावा. एसीच्या बाहेरच्या युनिटसमोर झाड ठेवलेलं मी कितीदा तरी पाहिलंय. तिथली गरम कोरडी हवा पानांच्या कडा दोन दिवसांत करपवते.

फुलगळ हाही बहुधा तापमानाचाच प्रकार. दिवसा पारा 35 च्या वर आणि रात्री 25 च्या आसपासच राहिला तर टोमॅटोचे परागकण निकामी होतात आणि फुलं देठासकट गळतात. ढोबळी मिरचीचंही तसंच. या काळात फुलं हलवून, टॉनिक मारून फळ धरत नाही. झाड जिवंत ठेवा, उष्मा उतरल्यावर धरेल.

मोगरा नुसताच वाढतो आणि फुलत नाही, अशी तक्रार असेल तर आधी ऊन मोजा. पाच-सहा तास थेट ऊन नसेल तर कुठलंच खत फुलं देणार नाही.

पावसाळ्यात पानांच्या खालच्या बाजूला खरखरीत, बुचासारखे फोड दिसले तर बुरशीनाशक काढण्याआधी आठवा की माती ओली, हवा दमट आणि ऊन नाही, अशा दिवसांत मुळं पाणी उचलत राहतात, पानांतून ते उडत नाही आणि पेशी फुगून फुटतात. पाणी कमी करा, कुंड्यांमध्ये अंतर वाढवा.

## टप्पा 7: टोमॅटोच्या बुडाला काळा डाग

यावर जरा थांबते, कारण इथे चांगली झाडं औषधांनी खराब केली जातात. टोमॅटो सुपारीएवढा ते लिंबाएवढा असताना देठाच्या विरुद्ध बाजूला पाणी भरल्यासारखा डाग येतो. चार दिवसांत तो तपकिरी, मग काळा, चामड्यासारखा आणि किंचित खोलगट होतो. बाकी फळ आणि पानं ठणठणीत असतात. बहुधा पहिल्या बहराच्या फळांना हे होतं. हा करपा नाही आणि तो एका फळावरून दुसऱ्यावर जात नाही.

फळाच्या त्या टोकाला वाढीच्या वेळी कॅल्शियम पोचलेलं नसतं. कॅल्शियम पाण्याच्या प्रवाहाबरोबर चढतं आणि जिथून पाणी जास्त उडतं तिकडे, म्हणजे पानांकडे जातं. फळातून पाणी फार कमी उडतं. त्यात माती एक दिवस कोरडी ठणठणीत आणि दुसऱ्या दिवशी पाण्याने भरलेली असेल तर प्रवाह तुटतो आणि फळाचं टोक उपाशी राहतं. मातीत कॅल्शियम भरपूर असूनही हे होतं, म्हणून अंड्याची टरफलं पुरून पुढच्या आठवड्यात फरक दिसत नाही. टरफलं विरघळायला महिनोन्महिने लागतात, विम्ल मातीत तर आणखी जास्त.

करायचं ते एवढंच. डाग पडलेली फळं तोडा, म्हणजे झाडाची शक्ती वाचेल. उन्हाळ्यात पाणी रोज ठरलेल्या वेळी द्या, आणि फार ऊन असेल तर सकाळ-संध्याकाळ विभागून. एका टोमॅटोला किमान 15 लिटरची कुंडी द्या, लहान कुंडी दुपारपर्यंत टिकत नाही. पाचोळ्याचं आच्छादन करा. युरिया बंद, कारण त्याने पाला भराभर वाढतो आणि कॅल्शियम आणखी पानांकडे ओढलं जातं. पुढच्या बहराची फळं स्वच्छ येतात.

फळं तडकणं हे याचंच भावंड. बरेच दिवस कमी पाणी आणि मग वळवाचा एक जोरदार पाऊस, आतला गर फुगतो आणि साल पुरत नाही. पावसाचा अंदाज असेल तर रंग धरलेली फळं आधीच तोडून घरात पिकवा.

## टप्पा 8: खताकडे शेवटी या

इथपर्यंत काही सापडलं नसेल तरच खत. आणि ते कमी झालंय का हे बघण्याआधी जास्त झालंय का ते बघा. पानं गडद हिरवी, मोठी, लुसलुशीत आणि फुलं नाहीत, तर नत्र जास्त. खत घातल्यावर दोन-चार दिवसांत पानांच्या कडा करपल्या तर मात्रा जास्त, लगेच टप्पा 5 प्रमाणे माती धुवा.

कच्चं शेणखत कुंडीत घालू नका. ते कुजताना गरम होतं, अमोनिया सोडतं आणि कोवळी मुळं जाळतं. तयार खताला शेणाचा वास येत नाही, मातीचा येतो. पेंडीचंही तेच, खोडाशी ढीग न घालता चमचा-दोन चमचे कडेने मातीत मिसळा. एप्सम सॉल्ट हे मॅग्नेशियम आहे. टप्पा 2 मधली मॅग्नेशियमची खूण दिसली तरच लिटरला 2 ते 3 ग्रॅम, एरवी नको.

## टप्पा 9: एका वेळी एकच बदल

सापडलेलं कारण एक असेल तर बदलही एकच करा, तारीख लिहा आणि दोन-तीन आठवडे थांबा. नवीन कुंडी, नवीन जागा आणि नवीन खत एकाच रविवारी केलं की झाड सुधारलं तरी कशाने ते कळत नाही, आणि बिघडलं तरी नाही.

सुधारणा जुन्या पानांत शोधू नका. शेंड्याच्या शेवटच्या पानाच्या देठाला एक दोरा सैल बांधा. दोऱ्याच्या वर जे येईल तेच तुमच्या उपायाचं उत्तर. जुनी बिघडलेली पानं निम्म्याहून जास्त हिरवी असतील तर काढू नका, झाड त्यांच्यावरच जगत असतं.

परदेशात कढीपत्ता घरात वाढवणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना. थंडीत त्याची पानं पिवळी होऊन गळतात, कारण झाड विश्रांती घेतं. अशा वेळी पाणी वाढवलं की मुळं कुजतात. खोड नखाने हलकेच खरवडून बघा. आत हिरवं असेल तर माती नुसती किंचित ओलसर ठेवून वसंतापर्यंत तसंच राहू द्या.

आणि खरवडल्यावर बुंध्यापर्यंत सगळीकडे तपकिरी, कोरडंच निघालं तर ते झाड गेलं. मुळकुजीने गेलं असेल तर त्याची माती दुसऱ्या कुंडीत लगेच वापरू नका. उन्हाळ्यात ती ओलसर करून पारदर्शक प्लास्टिकखाली गच्चीवर पातळ पसरा, चार-सहा आठवडे तापू द्या, मग कुजलेलं खत मिसळून वापरा. कुंडी आतून घासून धुवा, आणि नवीन झाड लावण्याआधी तिचं भोक मोकळं आहे का ते पाणी ओतून बघा.